जुन्या गाडीला मोठी ब्रेक डिस्क बसवण्याआधी

कुंभार्ली घाटात चौथ्या-पाचव्या वळणाला आधी वास आला. तापलेल्या ब्रेकचा तो करपट वास ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. कराडहून चिपळूणला निघालो होतो. मी, आई आणि मावशी, डिकीत सामान, आणि गाडी १९९७ सालची. पुढे एक एसटी सावकाश उतरत होती. तिच्या मागे मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. पुढच्या वळणाआधी पेडल दाबलं, तर ते उशीत पाय रुतावा तसं आत गेलं आणि गाडीने वेग सोडलाच नाही. दोन-तीनदा भराभर पंप केलं, दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटाराला लागून गाडी उभी केली.

मावशी पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि पुढच्या चाकावर ओतू का म्हणाली. मी घाईने नको म्हटलं. लालभडक तवा नळाखाली धरला तर तो वाकडा होतो किंवा तडकतो, तसंच ब्रेकच्या डिस्कचं, चाकासोबत फिरणाऱ्या त्या बिडाच्या चकतीचं होतं. आम्ही तासभर तिथेच बसलो. तासाभराने पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक झालं, काही घडलंच नव्हतं असं. ही खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

पुण्याला आल्यावर मी ठरवूनच टाकलं की पुढच्या डिस्क मोठ्या करायच्या. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला जाड, आतून पोकळ डिस्क येते, ती नाना पेठेत मिळते, एवढी माहितीही काढली. आमचे मेकॅनिक बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवत म्हणाले, "डिस्कचं नंतर बघू साहेब. हे ऑइल कधी बदललंय?" आत बघितलं तर कोऱ्या चहासारखा रंग. नवं ऑइल फिकट मधासारखं, जवळजवळ पारदर्शक असतं. ते शेवटचं कधी बदललं होतं ते मला आठवेना. गेल्या वर्षभरात जे शिकलो ते या एका प्रश्नापासून सुरू झालं.

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. खरं तर गाडी थांबवतो टायर, रस्त्याला धरून. ब्रेक फक्त गाडीच्या वेगातली ऊर्जा घेतो आणि तिची उष्णता करतो. ही उष्णता केवढी असते याचा अंदाज मला कधीच आला नव्हता, म्हणून कागदावर मांडून पाहिलं. माणसं आणि सामानासह गाडी ११०० किलोची धरली आणि ती ताशी ८० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे २७० किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्या उष्णतेत पाऊण लिटरहून जास्त गार पाण्याला उकळी येईल. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या चहाचं आधण, तेही तीन-चार सेकंदांत.

आता घाट घ्या. हीच गाडी ५०० मीटर खाली उतरवायची असेल तर सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाण्याच्या भाषेत १७ लिटर, म्हणजे अंघोळीची बादलीभर पाणी उकळेल इतकी. त्यातला काही भाग वारा आणि टायर खातात आणि खालचा गिअर टाकला असेल तर बराच मोठा भाग इंजिन खातं. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो. इंजिन फारसं काही खात नव्हतं. बहुतेक बादली पुढच्या दोन डिस्कवर ओतली जात होती.

इथे डिस्कचं वजन कामाला येतं. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे उष्णतेचे साधारण ७० टक्के पुढच्या ब्रेककडे जातात. पुढची डिस्क ३ किलोची असेल तर ८० वरून एकदा थांबल्यावर तिचं तापमान सुमारे ७० अंशांनी चढतं. तीच डिस्क साडेचार किलोची असेल तर ४५-४६ अंशांनी. लोखंड जास्त, म्हणून तापणं कमी. हे एका थांब्याचं झालं. घाटात थांबे एकामागून एक येतात आणि मधे गार व्हायला वेळ नसतो. आतून पोकळ डिस्क, जिला गॅरेजमध्ये व्हेंटिलेटेड डिस्क म्हणतात, ती दोन चकत्यांच्या मधल्या पट्ट्यांनी पंख्यासारखी हवा मधून बाहेर फेकते आणि लवकर निवते. घाटात तिचा खरा उपयोग आहे.

पण सपाट रस्त्यावर एकदाच कचकन ब्रेक मारला तर? तुमचा ब्रेक चाक जाम करण्याइतका जोर आत्ताच लावत असेल, तर मोठ्या डिस्कने गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. चांगला टायर कोरड्या डांबरावर ८० वरून साधारण ३० ते ३२ मीटरमध्ये गाडी थांबवू शकतो. ओल्या रस्त्यावर तेच अंतर दुप्पट होऊ शकतं. ही मर्यादा रबराची आहे. सहा-सात वर्षं जुने, दगडासारखे झालेले टायर ठेवून डिस्कवर पैसे घालणाऱ्यांना मी आता हात जोडून सांगतो, आधी टायर बदला.

मग माझं पेडल आत का गेलं? याचं उत्तर त्या कोऱ्या चहात होतं.

ब्रेक तापून निकामी होण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि पायाला त्या वेगळ्या कळतात. पहिलीत पेडल कडक असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी ढिम्म. इथे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडचा पदार्थ त्याच्या सोसण्यापलीकडे तापलेला असतो आणि त्याची पकड गेलेली असते. दुसरीत पेडल मऊ पडतं आणि खाली जातं. इथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाइपात वाफेचे बुडबुडे झाले की तुमचा पाय बुडबुडेच दाबत राहतो. गाडी निवली की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल परत येतं. त्या तासाभराचं कोडं एवढंच होतं.

ऑइल उकळलं कारण त्यात पाणी होतं. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणासारख्या हवेत तर विचारायलाच नको. डब्यावर डॉट ३ लिहिलेलं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण काढून नवं भरायचं, त्यासाठी येणारा खर्च एका पॅडसेटपेक्षाही कमी. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळंच असतं. ते या बाकीच्यांत कधीही मिसळू नये. डबीवर फक्त ५ आहे की ५.१, हे दुकानातच नीट वाचून घ्या.

मेकॅनिकनी दुसरी गोष्ट दाखवली ती चाकाजवळच्या रबरी होजची. बाहेरून ठीक दिसत होता. त्यांनी तो कापून माझ्या हातात दिला. आतलं भोक सुजून इतकं बारीक झालं होतं की रिफिलची कांडीही जाईना. असा होज एकतर्फी झडपेसारखा वागतो. पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरकडे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. पॅड डिस्कला घासतच राहतो आणि ते एक चाक ब्रेक न मारताही तापत राहतं. आमची उजवी डिस्क डावीपेक्षा जास्त निळसर पडली होती, ती यामुळे.

होज बदलले, कॅलिपरचे पिस्टन काढून नवी रबर किट टाकली, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं, डॉट ४ भरून पाइपातली एअर काढली. जुन्या डिस्क तशाच. त्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, तर पेडल इतकं वर आणि इतकं घट्ट होतं की गाडी नवी वाटली. ज्यांना जुन्या गाडीचे ब्रेक कमकुवत वाटतात, त्यांपैकी बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल असं मला वाटतं. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिचे ब्रेक कसे लागायचे हे आपण विसरलेलो असतो.

तरीही मी डिस्क मोठ्या केल्या, कारण आमचं येणंजाणं घाटाचं आहे. त्यात जे गणित आहे ते समजून न घेता कुणी हात घालू नये.

इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडल्यात असं समजा, एक बारीक, एक जाड. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंज जास्त जोराने पण कमी सरकते. बारीक म्हणजे पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर, जाड म्हणजे कॅलिपर. पेडलवर ३० किलोचा भार दिला, पेडलच्या दांड्याने तो चौपट केला आणि मास्टर सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल, तर पाइपात सुमारे ४२ बार दाब तयार होतो. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा असेल तर तो पॅडला जवळजवळ पाऊण टनाच्या जोराने डिस्कवर दाबतो. बूस्टरची, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची मदत यात धरलेलीच नाही.

आता डिस्कसोबत मोठा, ५४ मिलिमीटर पिस्टनचा कॅलिपर लावला समजा. जोर सव्वापटीहून थोडा जास्त झाला, छान. पण त्याच पिस्टनला तेवढंच सरकवायला ऑइलही सव्वापट लागणार. ते देणारा मास्टर सिलिंडर जुनाच आहे, म्हणून पेडल जास्त खाली जाईल. गाडी उत्तम थांबत असूनही पायाला वाटेल की ब्रेकमध्ये एअर आहे. मग कुणी मोठा मास्टर सिलिंडर टाकतो. त्याने पेडल वर येतं, पण कडक होतं आणि मिळवलेला जोर बराचसा परत जातो. डिस्कचा व्यास वाढवण्याचा हिशेब मात्र सरळ आहे. पॅड मध्यापासून १० सेंटिमीटरवर धरत होता तो ११ वर धरू लागला, तर चाक अडवण्याची ताकद १० टक्के वाढते, ऑइल तेवढंच लागतं. विहिरीच्या रहाटाची दांडी लांब केल्यासारखं.

पुढचं-मागचं प्रमाण हा सगळ्यात नाजूक भाग आहे. गाडी बनवणाऱ्यांनी पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा वाटा असा ठरवलेला असतो की पुढची चाकं मागच्यांच्या थोडी आधी जाम व्हावीत. पुढची जाम झाली तर गाडी सरळ घसरते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मागची आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून फक्त मागे डिस्क बसवून घेणं मला सरळ धोक्याचं वाटतं. आणि फक्त पुढची ताकद फार वाढवली, तर एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नसलेल्या गाडीत पुढची चाकं लवकर जाम होतात, मागचे ड्रम ब्रेक आपल्या वाट्याचं काम करायच्या आतच. थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. एवढे पैसे खर्चून ब्रेक आधीपेक्षा वाईट! मी त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा पूर्ण संच घेतला, त्यामागे हेच कारण होतं. डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर आणि मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, सगळं एकमेकांसाठी बनलेलं. हिशेब कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच केलेला असतो.

चारही चाकांना ड्रम असलेल्या गाड्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे अजूनही कितीतरी लोक प्रीमियर पद्मिनी जिवापाड सांभाळून आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी टॅक्सीच्या रूपात मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली, पण घराघरांतल्या झाकून ठेवलेल्या गाड्या आहेतच. तिला चारही ड्रम. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, आणि त्याला आतून दाबून धरतात ते शू. ड्रममध्ये एक गंमत असते. फिरणारा ड्रम पुढच्या बाजूच्या शूला स्वतःकडेच आणखी ओढून घेतो, म्हणून कमी जोरात जास्त ब्रेक लागतो. डिस्कमध्ये ही आयती मदत नाही. त्यामुळे बूस्टर नसलेल्या गाडीला पुढे डिस्क लावली तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं. बूस्टरची सोय त्याच वेळी करावी लागते.

दुसरी अडचण दिसत नाही, म्हणून जास्त घातक. ड्रमसाठीच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये एक छोटी झडप असते, जी पाय काढल्यावरही पाइपात पाऊण बारच्या आसपास दाब राखून ठेवते. ड्रममध्ये शूंना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे हा दाब चालतो. डिस्कच्या कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. तिथे पिस्टनभोवतीचं चौकोनी रबर किंचित पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्यानेच पॅड सुटतो. राखलेला दाब त्याला सुटू देत नाही. गाडी चालते, ब्रेकही लागतात, आणि २०-२५ किलोमीटरवर पुढची चाकं धुमसायला लागतात. झडप ठेवून डिस्क लावलेली गाडी रस्त्यावर काढू नये. त्या पिढीतल्या अनेक गाड्यांत मास्टर सिलिंडरही एकाच सर्किटचा असतो, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. दोन सर्किटचा सिलिंडर घालणं हाच मला तिथला सर्वांत मोलाचा बदल वाटतो, डिस्कपेक्षाही.

ड्रमचं मूळ दुखणं मात्र खरं आहे. तो तापला की फुगतो, शूंपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क तापून फुगली तर पॅडकडेच सरकते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण तिचं खरं महत्त्व १९५३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दिसलं. डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप तिथे पहिली आली. इतर गाड्या वळणाआधी लवकर ब्रेक मारत होत्या, ही उशिरा मारायची, आणि तासन् तास तेच करूनही तिचे ब्रेक टिकत होते.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान असतात. रस्त्यावरच्या गाडीला त्या घेऊ नका. भोकांच्या कडेला चिरा सुरू होतात आणि उष्णता धरणारं लोखंडही कमी होतं. शर्यतीचे पॅडही नकोत. ते तापल्याशिवाय धरतच नाहीत, आणि पावसाळी सकाळी गल्लीतून बाहेर पडताना समोर शाळेचं पोर आलं तर गार पॅडनेच धरायला हवं.

बसवण्यापूर्वी रिम बघा. आमच्या १३ इंची रिमच्या आत नवा कॅलिपर जेमतेम ४ मिलिमीटर सोडून बसला. हाताने चाक पूर्ण फिरवून पाहिलं, मगच नट आवळले.

बसवतानाची एक गोष्ट मी मुद्दाम वाकून बघितली. जुनी डिस्क काढल्यावर ती जिच्यावर बसते त्या हबच्या तोंडावर गंजाचा खपला होता, नखाएवढा. मेकॅनिकनी तारेचा ब्रश मारून, मग पॉलिश पेपरने तो चकचकीत केला. मी विचारलं, एवढ्याशा गंजाने काय होतं? त्यांनी डायल गेज लावून दाखवलं. साफ हबवर डिस्क फिरताना काटा ०.०३ मिलिमीटर हलला. गंजाचा कण मधे ठेवून परत लावली तर ०.१२. एवढ्या डुलण्याने डिस्क दर फेरीत एकाच जागी पॅडला शिवते, ती जागा झिजते किंवा तिच्यावर पॅडचा थर चढतो, आणि काही हजार किलोमीटरने स्टिअरिंग थरथरू लागतं. मग आपण म्हणतो डिस्क वाकली. वाकलेली फार क्वचित असते. बहुतेक वेळा जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि त्याची सुरुवात या खपल्यापासून किंवा चाकाचे नट वेडेवाकडे आवळण्यापासून होते. नट समोरासमोरचे, ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने.

लेथवर फेसिंग मारून डिस्क सरळ करता येते, पण तिच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. फेसिंगनंतर त्याच्या खाली जात असेल तर ती डिस्क भंगारात. पातळ डिस्क म्हणजे पुन्हा कमी लोखंड.

जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. कंप्रेसरने हवा मारून ती उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पोरं गॅरेजमध्ये तोंडासमोर हवा मारतात ते बघवत नाही.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करताना ब्रेक तपासले जातात. काम करण्याआधी आरटीओत विचारा, सुट्या भागांची बिलं जपा, विमा कंपनीला लेखी कळवा. वेल्डिंग करून बनवलेला ब्रॅकेट तर कुठल्याच कारणासाठी नको.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसू द्यावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी केला, दर वेळी मधे थोडं अंतर चालवून. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो. सिग्नलला उभं राहतानाही मग हँडब्रेकच लावला.

दिवाळीनंतर पुन्हा कुंभार्ली उतरलो. तीच तिघं. या वेळी दुसरा गिअर वरपासून खालपर्यंत, ब्रेक दाबायचा तो ठामपणे आणि लगेच सोडायचा. पोफळीला चहासाठी थांबलो तेव्हा इन्फ्रारेड थर्मामीटर पुढच्या चाकांतून डिस्कवर धरला. डावी ११८, उजवी १२१. मावशीने पाण्याची बाटली पिशवीतून काढली आणि स्वतः प्यायली.